गाळ उपसून झाल्यानंतर

महापूर ओसरलेल्या गावात बाहेरून सर्वांत आधी काय पोहोचते, असे कोणी विचारले तर मी ‘जुने कपडे’ असे उत्तर देईन. 2019 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत टेंपो भरभरून कपडे येत होते. त्यांत लग्नातले कोट होते, नाडी नसलेले परकर होते, लहान मुलांचे एकेकच मोजे होते. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा ढीग लागला, वरून पावसाची झड आली, आणि अखेर तो कुजका ढीग उचलून व्हरांडा मोकळा करणे हेच आमच्या विद्यार्थ्यांचे पहिले सेवाकार्य ठरले. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. पण पूरग्रस्ताला काय हवे, याचा अंदाज आपण आपल्या घरात काय जास्त झाले आहे त्यावरून बांधतो, आणि ही खोड महाविद्यालयांच्या स्वयंसेवेतही पुरेपूर उतरलेली आहे. आपल्याकडे तरुण मुले आहेत, त्यांच्या अंगात बळ आहे, तेव्हा त्यांच्या हातात खोरे द्यावे, एवढाच आपला विचार असतो. मी बेळगावच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची जबाबदारी माझ्याकडे होती. खोऱ्याचे काम खरे आणि गरजेचे आहे, परंतु गाव पुन्हा उभे राहण्याच्या वाटेवरचा तो सगळ्यांत छोटा टप्पा आहे, असे माझे त्या पुरानंतर मत झाले आणि ते अजून बदललेले नाही.

त्या वर्षी नागपंचमी 5 ऑगस्टला होती. सह्याद्रीच्या माथ्यावर आधीपासून धरलेला पाऊस त्या आठवड्यात उघडलाच नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय आणि मलप्रभा या सगळ्या नद्या जवळपास एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढले आणि वाहतूक थांबली. संकेश्वर आणि गोकाकच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, आणि खुद्द बेळगावात वडगाव-खासबाग भागातल्या विणकरांच्या मागांच्या खड्ड्यांत पाणी साचून सूत आणि साड्या नासल्या. वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे कल्लोळ-येडूरच्या बाजूला कृष्णेत जाते. कृष्णाच तुडुंब असली की दूधगंगेला वाट मिळत नाही, तिच्या पाण्याला फुग येते, आणि ते पाणी उलटे काठच्या गावांत आणि उसात पसरते. म्हणून या पट्ट्यात पुराचे पाणी धडक मारून निघून जात नाही, ते मुक्कामाला राहते. घरादारांचे जे नुकसान झाले ते प्रवाहाच्या जोरापेक्षा या मुक्कामाने जास्त झाले, आणि पुढचे सगळे समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इकडची जुनी घरे दगडी जोत्यावर मातीच्या भिंतींची. अशी भिंत पाण्यात उभी असते तोवर पडेलच असे नाही, कारण दोन्ही बाजूंनी पाण्याचा सारखा दाब असतो. पाणी उतरले की भिजून मऊ पडलेली माती स्वतःच्याच वजनाने बसू लागते, ऊन पडले की आकसते, तडे जातात, आणि पूर ओसरून गेल्यावर, लोक निवारा केंद्रातून घरी परतल्यानंतर, रात्री-अपरात्री भिंत बाहेरच्या अंगाला कोसळते. गावातल्या जाणत्या माणसांना हे ठाऊक होते. आमच्या मुलांना अर्थातच नव्हते. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हातातली घमेली खाली ठेवायला लावली आणि आतला गाळ काढण्याआधी बाहेरचा काढा, दोन्ही अंगांनी थोडा थोडा काढा, एका बाजूला गाळाचा भार ठेवून दुसरी बाजू मोकळी केलीत तर भिंत तुमच्या अंगावर घ्याल, असे बजावले. “बाळांनो, घर आमचं गेलंय, तुमचा जीव कशाला घालवतायसा?” हे त्यांचे वाक्य. हेच सगळे स्थापत्य शाखेतल्या कोणा तज्ज्ञाने सांगितले असते तर त्याला प्रशिक्षण म्हटले गेले असते. आम्ही ते लिहून घेतले आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला आधी तेच वाचून दाखवले. त्याच्याच जोडीला आणखी काही साधे नियम होते. रबरी बूट घातल्याशिवाय गाळात उतरायचे नाही, पायाला जखम असेल त्याने विहिरीच्या उपशावर जायचे नाही, आणि ब्लीचिंग पावडर मापानेच टाकायची. हे शहाणपण नसलेला उत्साह गावाला जड जातो, कारण आजारी पडलेल्या स्वयंसेवकाची काळजीही शेवटी त्याच गावाला घ्यावी लागते.

पण खरी अडचण भिंत उशिरा पडण्यात होती. पंचनामा आधी झाला आणि भिंत नंतर पडली, तर कागदावरचे घर आणि जमिनीवरचे घर ही दोन वेगळी घरे होतात. कर्नाटक सरकारने त्या वेळी तातडीची मदत म्हणून कुटुंबाला 10 हजार रुपये दिले, आणि घरांच्या नुकसानीच्या श्रेणी ठरवल्या. पाऊण भागाहून अधिक पडझड झालेले घर ‘ए’ श्रेणीत गेले, त्याला पाच लाख रुपये. किरकोळ पडझडीचे घर ‘सी’ श्रेणीत, त्याला पन्नास हजार. मधली ‘बी’. ज्या घराच्या भिंतीला पाहणीच्या दिवशी फक्त ओल आणि तडा होता ते ‘सी’मध्ये बसले, आणि दहा-बारा दिवसांनी ते सपाट झाले तेव्हा श्रेणी बदलून घेण्यासाठी त्या कुटुंबाला अर्ज, फोटो, फेरपाहणी आणि पुन्हा अर्ज असा फेरा सुरू करावा लागला. साडेचार लाखांचे अंतर एका अक्षरात होते. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या माथ्यावर एकेकाला कितीतरी गावे होती आणि त्यांतल्या काहींची स्वतःची घरे पाण्यात गेली होती. तरीही हा फेरा ज्याला जमला त्याचे घर उभे राहिले आणि ज्याला जमला नाही त्याचे रखडले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

इथे सीमाभागाचे वेगळेपण आडवे येते. अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, यादी कन्नडमध्ये, आणि घरात वाचता येणारे जे एकदोघे असतात त्यांचे शिक्षण बहुधा मराठी शाळेत झालेले. कागदपत्रे मराठीतूनही मिळावीत ही इथल्या मराठी भाषकांची मागणी जुनी आहे आणि ती न्याय्य आहे, असे मला वाटते. परंतु ज्या बाईला उद्या दुपारपर्यंत फॉर्म भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आहे, तिचा प्रश्न त्या वादाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. तिला आज कोणीतरी शेजारी बसून तो कागद वाचून दाखवणारे हवे असते. आणि नेमके हेच आमच्या मुलांकडे होते. बेळगावच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलामुलींनी वर्षानुवर्षे कन्नड हा विषय पास होण्यापुरता शिकलेला असतो, आणि तो पुढे कुठे उपयोगी पडेल असे त्यांच्या स्वप्नातही नसते. सरकारी कन्नड मात्र त्यांनाही झेपत नव्हते. त्यावर उपाय असा निघाला की बैलहोंगल, सौंदत्ती या भागांतून आमच्याकडे शिकायला आलेल्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या मुलांना त्यांच्या जोडीला बसवायचे. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने घरच्यांशी बोलायचे, दोघांनी मिळून भरायचे, आणि भरून झाल्यावर घरच्यांना त्यांच्या भाषेत पुन्हा वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. वर्गात एका बाकावर कधी न बसलेली ही मुले गावातल्या देवळाच्या कट्ट्यावर आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि घरपट्टीची पावती यांच्या गठ्ठ्याभोवती मान घालून बसलेली असत. गावातल्या एका काकींनी तर मला स्पष्टच सांगितले, “म्याडम, खोरं मारणारी पोरं आमच्यातबी हायत. पुढच्या खेपेला कानडी चांगलं येतंय त्यांस्नी जास्ती आणा.”

कागदांच्या त्या गठ्ठ्यांतून विद्यार्थ्यांना गाव जितके समजले तितके ते गाळ काढताना समजले नसते. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली, वारसाची नोंद कोणी केलेली नाही. एका घरनंबरात तीन भाऊ, तीन चुली, तीन रेशन कार्डे, आणि नुकसानभरपाई मात्र घराला एक. मग ती कोणाच्या खात्यात जमा करायची? या प्रश्नावर भावांत जे बोलणे होई ते ऐकून आमची मुले गांगरून जात. एका विद्यार्थिनीने, ती स्वतः रायबाग तालुक्यातल्या पूरग्रस्त गावची, भावाभावांना एकत्र बसवून संमतिपत्राचा मजकूर लिहून काढला आणि तिघांनाही तो मान्य झाला. तिचे स्वतःचे घर त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयाची मुले साफ करत होती. तिला तिकडे जायचे असेल तर जाऊ द्यावे, असे मी सुचवले होते, तर ती म्हणाली की आपल्या घरचा गाळ काढताना रडू येते आणि काम होत नाही, दुसऱ्याच्या घरी काम होते.

राष्ट्रीय सेवा योजनेची घडी या कामाला किती पुरते, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास सेवा द्यावी आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे, असा तिचा साचा आहे. दत्तक गाव घेण्याची कल्पनाही तिच्यातलीच, आणि ती फार चांगली आहे. पण व्यवहारात सगळे शिबिराभोवती फिरते. उद्घाटन, नारळ, प्रभातफेरी, श्रमदान, दुपारचे व्याख्यान, रात्रीची करमणूक, समारोप आणि गटाचा फोटो. रस्ता झाडायचा असेल, झाडे लावायची असतील, तर सात दिवस पुष्कळ झाले. पडलेले घर मात्र सात दिवसांत पायाच्या खड्ड्यापर्यंतही येत नाही. गावातल्या लोकांना हे आमच्यापेक्षा नीट माहीत असते, म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवशी ते आपल्याकडे पाहुण्यांकडे पाहावे तसे पाहतात, ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ म्हणतात, स्वतःच्या घरात धान्य भिजलेले असताना मुलांसाठी भाकरी थापतात, आणि मनातल्या मनात आपण कधी जाणार याचा हिशेब करतात. मुलांनी स्वतःचा शिधा घेऊन जावे आणि एका घरावर भार टाकू नये, हा नियम आम्ही केला. चहाला मात्र आम्ही नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर पुढच्या वेळी कोणी उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

बांधकाम सुरू झाले त्यानंतरची गोष्ट आणखी संथ. घरबांधणीचे पैसे टप्प्याटप्प्याने येत. पाया झाला की त्याचा जीपीएस फोटो राजीव गांधी ग्रामीण वसती निगमच्या यंत्रणेत चढायचा, मग पुढचा हप्ता. भिंती आल्या की पुन्हा फोटो, छत झाले की पुन्हा. कल्पना बरी होती, कारण पैसा दुसरीकडे वळत नाही. परंतु पदरचे काही न उरलेल्या माणसाला पायाचा खर्च आधी करायचा आणि हप्ता नंतर मिळायचा, या मधल्या काळात सावकार येतो. शिवाय सगळ्या गावांत एकाच वेळी बांधकामे निघाल्याने गवंडी मिळेना, वाळू मिळेना, विटांचे दर चढले. अशा वेळी विद्यार्थ्यांनी काय करावे? गवंडीकाम त्यांना येत नाही आणि त्यांनी ते करूही नये, कारण त्यांनी हौसेने रचलेली वीट गवंड्याला पुन्हा काढावी लागते. एका मिस्त्रींनीच आम्हांला काम नेमून दिले. नवीन भिंतीला आणि स्लॅबला पाणी मारणे. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर ओल टिकली पाहिजे, नाहीतर ते वरून वाळते आणि आतून कच्चे राहते. घरमालक दिवसभर उसात किंवा दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला, बाया जनावरांच्या मागे, त्यामुळे दुपारचे पाणी मारणे हमखास चुकत असे. निपाणीत शिकणारी त्याच पट्ट्यातली मुले घरी परतताना वाटेतल्या दोन-तीन घरांना पाणी मारून जाऊ लागली. या कामाचा फोटो कोणी काढत नाही, त्याला प्रमाणपत्र नाही, आणि शंभर दिवसांनी ते कोणी केले हे घरमालकाच्याही ध्यानात राहत नाही. माझ्या मते त्या दीड वर्षात विद्यार्थ्यांच्या हातून झालेल्या कामांत फॉर्मखालोखाल याच कामाचा नंबर लागतो.

गाव उंचावर हलवावे की नाही, हा प्रश्न मुलांना फार सोपा वाटे. दर काही वर्षांनी पूर येतो, तर माणसे तिथेच का राहतात, असे ते एकमेकांत बोलत. त्यांना गावकऱ्यांनी जी उत्तरे दिली ती ऐकण्यासारखी होती. 2009 च्या ऑक्टोबरात उत्तर कर्नाटकात महापूर आला, त्यानंतर ‘आसरे’ नावाने नव्या वसाहती बांधल्या गेल्या, आणि त्यांतली कितीतरी घरे रिकामी पडून राहिली. त्याची कारणे कोणत्याही शेतकऱ्याला विचारली तर तो सांगेल. शेत तीन-चार किलोमीटर मागे राहते, म्हशी बांधायला जागा नसते, पाण्याची सोय उशिरा होते, आणि भाऊबंद वेगवेगळ्या रांगांत फेकले जातात. मला या संदर्भात किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिथे नवी गावे सरळ रेषांच्या चौकटींत आखली गेली, घरे पक्की झाली, जीव वाचतील अशी झाली, परंतु जुन्या वाड्यांच्या वळणांवर उभे राहिलेले शेजार त्या रेषांत सहजासहजी मावले नाहीत. पूर आणि भूकंप यांची तुलना करू नये, हे मान्य. नदीकाठच्या माणसाला नदीपासून दूर नेण्याचा विचार मुळातच चुकीचा आहे, असेही मी म्हणत नाही, कारण 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलेच. पण हा निर्णय ज्याचा त्याने करायचा असतो. विद्यार्थ्यांनी त्यात पडायचे असेल तर नव्या जागेत गोठा असेल का, नळ कधी येईल, शाळेला एसटी मिळेल का, हे प्रश्न गावाच्या वतीने लिहून काढून कचेरीत द्यावेत. आमच्या दोन मुलांनी अशी यादी कन्नडमध्ये तयार केली होती. कचेरीत ती कितपत वाचली गेली ते मला सांगता येणार नाही, परंतु ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली गेली आणि त्यावर तास-दीड तास चर्चा झाली.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच थांबले. महाविद्यालय बंद, एसटी बंद, बांधकामे अर्धवट. त्या काळात शहरातून जाणारे आम्ही निरुपयोगी झालो आणि गावातच अडकून पडलेले विद्यार्थी कामाला आले. हप्ता जमा झाला का ते बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडून, पाहणे, मोबाइलवरून अर्जाची स्थिती काढणे, अंगठा लागत नसेल तर काय करायचे ते फोनवर आम्हांला विचारणे, हे सगळे त्यांनी कोणी न सांगता केले. यावरून मी एक धडा घेतला, आणि तो दुसऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही सांगत असते. पुनर्बांधणीसाठी मुले निवडायची तर आधी त्या पट्ट्यात राहणारी निवडा, आणि शहरातल्यांना त्यांच्या हाताखाली द्या. आपण बहुतेक वेळा नेमके उलट करतो. बोलकी, धीट, शहरी मुले गटप्रमुख होतात आणि गावातला मुलगा रस्ता दाखवायला पुढे चालतो.

2021 च्या पुरात आधीची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली होती. नव्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, पण या वेळी त्यांच्या हाती एक वही होती. त्या वहीत भिंतींविषयी म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलेले होते, कोणत्या अर्जाला कोणते कागद लागतात ते होते, आणि कोणत्या घरात वारसाची नोंद राहिली आहे याची यादी होती. त्यापुढे आणखी एक काम सुचले आणि ते आता दरवर्षी मे महिन्यात होते. नदीकाठच्या वस्तीतल्या प्रत्येक मातीच्या घराचे पावसाळ्याआधी चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढे पडझड झालीच तर घर आधी कसे होते याचा वाद होणार नाही. तीन भाऊ राहत असतील तर तिन्ही चुलींचे फोटो वेगळे.

एकच गोष्ट बरेच दिवस सुटत नव्हती. सेवेच्या डायरीत तासांची नोंद करावी लागते आणि तिथे कामाचे स्वरूप लिहायचे असते. वृक्षारोपण, स्वच्छता, जनजागृती हे शब्द सगळ्यांना पाठ आहेत. नाडकचेरीच्या, म्हणजे इथल्या महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीच्या, दारात एका आजींसोबत सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत रांगेत उभे राहणे, मग साहेब मीटिंगला गेलेत असे कळून परत येणे, हे काय म्हणून लिहायचे? मुलांनी मला विचारले तेव्हा मी त्यांना ‘श्रमदान, पाच तास’ असे लिहायला सांगितले आणि खाली सही केली. अशा नोंदी आता आमच्या डायऱ्यांत बऱ्याच आहेत, आणि तपासणीत त्यांवर अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही.